साहेबांच्या झाडाची पानं गळतात

झाडाची पानं गळणं हा झाडाचा गुन्हा नाही आणि ते सांभाळणाऱ्याचाही नाही, ही साधी गोष्ट मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळली. तोवर चौदा वर्षं मी मुलांना ‘शिशिर ऋतूत पानगळ होते’ हे वाक्य शिकवत होतो. फळ्यावर लिहून देत होतो, परीक्षेत विचारत होतो, आणि ज्याला ते येत नसे त्याला अंगठे धरून उभं करत होतो. त्या सगळ्या विद्यार्थ्यांची मी इथं मनापासून माफी मागतो.

गोष्ट चोपन्न-पंचावन्न सालची. तेव्हा मी आसेगावच्या शाळेत हंगामी हेडमास्तर होतो. आधीचे हेडमास्तर पेन्शनीत गेले तेव्हा ‘पुढील हुकूम होईपर्यंत’ मला त्यांच्या खुर्चीत बसवण्यात आलं, आणि तो पुढील हुकूम चार वर्षं झाली तरी झाला नव्हता. हंगामी माणसाला खुर्चीत मागं टेकून बसता येत नाही. मी चार वर्षं खुर्चीच्या कडेला बसलो. माझे सासरे रिसोडला असत. दर दिवाळीला पहिला लाडू हातात देताना ते विचारत, “मंग जवाई, झाले का पक्के?” तो लाडू मला कधीही गोड लागला नाही.

शाळेत सगळेच हंगामी होते; त्यांत सगळ्यांत जुना आमचा चपराशी बाबूसिंग. तो नऊ वर्षांपासून हंगामी होता; पण चपराश्याला खुर्ची नसल्यामुळे त्याची अडचण माझ्या कधी लक्षात आली नाही.

त्या जुलैत वनमहोत्सव होता. दरवर्षी आम्ही कडुनिंबाची रोपं लावत असू आणि दरवर्षी रामराव पाटलांच्या बकऱ्या ती खात असत. पण त्या साली शाळांचे इन्स्पेक्टर अंजनकर साहेब स्वतः मंगरूळच्या मोटारीतून उतरले. त्यांच्या मांडीवर डालड्याचा डबा होता आणि डब्यात एक वीतभर रोप. साहेबांचे बंधू जंगलखात्यात, हिमालयाच्या पायथ्याशी कुठंतरी नोकरीला होते. त्यांनी ते पाठवलं होतं.

“दालचिनी, तेजपत्ता यांच्याच घराण्यातलं झुडूप आहे,” साहेब म्हणाले. एक पान तोडून त्यांनी माझ्या नाकाखाली चुरलं. लवंग आणि लिंबू एकत्र कुटावं तसा वास आला. “वऱ्हाडच्या हवेत जगतं का पाहायचंय. फेब्रुवारीत तपासणीला येईन तेव्हा फोटो काढू. तुमच्या कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे, तोही तेव्हाच पुढे सरकवू. झाडावर लक्ष असू द्या.”

यातली पहिली दोन-तीन वाक्यं मी ऐकली नाहीत असं आता वाटतं. शेवटची दोन मात्र मला आजही पाठ आहेत.

साहेबांनी एक चिठ्ठीही दिली होती. पुढच्या बाजूला मराठीत ‘आपल्यासारख्या दक्ष शिक्षकाच्या हाती हे रोप सोपविताना आनंद वाटतो’ वगैरे मजकूर होता. तो मी नऊ वेळा वाचला आणि बायकोला दोनदा वाचून दाखवला. मागच्या बाजूला इंग्रजीत बारीक अक्षरात पुष्कळ काही होतं. ते झाडाचं नावगाव असणार, सवडीनं वाचू, असं मी ठरवलं. दक्ष माणसाला सवड मिळतेच असं नाही.

बकऱ्यांसाठी काटेरी तारेचं कुंपण हवं होतं. मी वरच्या कचेरीला अर्ज केला आणि अर्जाला वजन यावं म्हणून साहेबांची अस्सल चिठ्ठी जोडली. महिन्याभरानं अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, ‘सदर झाड स्थावर की जंगम, याचा खुलासा व्हावा.’ मी लिहिलं, सध्या स्थावर आहे. पुन्हा महिना गेला. ‘सध्या म्हणजे काय, याचा खुलासा व्हावा.’ चिठ्ठी मात्र तिकडेच राहिली. तिला तिकडचा नंबर पडला होता, आणि एकदा नंबर पडला की कागद आणि माणूस यांची भेट होणं अवघड असतं.

तार काही आली नाही. शेवटी बाबूसिंगनं पऱ्हाट्यांचा कूड घातला. कपाशी वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं म्हणजे पऱ्हाटी. आमच्याकडे ती चुलीत जाते, तिची भिंत होते, तिचं छप्पर होतं. वऱ्हाडातल्या माणसाला वाळकी काडी दिसली की तो आधी ती उचलतो आणि मग विचार करतो.

कुडाच्या आत रोप फोफावलं. दिवाळीपर्यंत माझ्या कमरेला लागलं. गावात त्याला ‘साहेबांचं झाड’ असं नाव पडलं आणि जो तो वास घ्यायला येऊ लागला. वास घ्यायचा म्हणजे पान तोडणं आलं. शाळेच्या रांजणात पाणी भरणारी रंगूबाई रोज एक पान चहाला नेई. शेजारचे नानाजी, हे निवृत्त पटवारी, दातदुखीसाठी दोन नेत. नानाजींच्या तोंडात दात तीनच होते, पण दुखण्याची त्यांची तयारी बत्तीस दातांची होती. मी ‘पाने तोडू नयेत, हुकुमावरून’ अशी पाटी लावली. तेव्हापासून लोक पान तोडण्याआधी पाटी वाचू लागले. साक्षरतेच्या दृष्टीनं हा फायदाच म्हणायचा.

डिसेंबर लागला आणि एका सकाळी पहिलं पान पिवळं झालेलं दिसलं.

चार दिवसांत दहा झाली. पंधरवड्यात सगळं झाड पिवळं झालं आणि वाऱ्याबरोबर पानं गळू लागली. मी पानं गोळा करून मोजायचो. वर्गात ‘शिशिर ऋतूत पानगळ होते’ हा धडा नेमका त्याच आठवड्यात चालू होता, हे मी लपवत नाही.

गाव समाचाराला आलं. नानाजी काठी टेकत रोज यायचे.

“गुरुजी, याले उष्णता झाली. ताक घाला बुडाशी.”

मी तांब्याभर ताक घातलं. दुसऱ्या दिवशी रामराव पाटील आले. ते म्हणाले, “ताक कायले घातलं? थंडीचे दिवस हायेत. हिंगाचं कोमट पाणी पाह्यजे.” मी हिंगाचं पाणी घातलं. रंगूबाईनं मिरच्या-मोहरी उतरवून झाडाची दृष्ट काढली; मिरचीच्या ठसक्यानं तिसरीचा वर्ग अर्धा दिवस बाहेर बसला. मग मी रात्रीचं दव लागू नये म्हणून माझी स्वतःची घोंगडी झाडाला पांघरली. तेव्हा माझ्या बायकोनं, रुख्मिणीनं, प्रथमच या विषयावर तोंड उघडलं.

“मले गेल्या साली हिवताप आला तवा तुमी शाळेत गेले होते,” ती म्हणाली. “पांघरून मी माह्या हातानं घेतलं होतं.”

मी घोंगडी परत आणली, पण तिला हिंगाचा आणि ताकाचा वास लागला होता, त्यामुळे ती कोणीच पांघरली नाही.

जानेवारी संपताना झाडावर एकही पान उरलं नाही. नुसत्या काड्या. भोवती पऱ्हाटीचा कूड आणि मधोमध तशाच काड्या. नवख्या माणसाला कूड कुठं संपतो आणि झाड कुठं सुरू होतं ते सांगता आलं नसतं.

एकट्या बाबूसिंगचं मत वेगळं होतं. त्यानं नखानं साल खरवडली आणि म्हणाला, “गुरुजी, आतून हिरवं हाये. मेलं नाही थे, झोपून राह्यलं. तो पळस नाही का पाहत तुमी?”

शाळेच्या बांधावर पळस उभा होता, आणि खरोखरच तोही पार उघडा होता. दरसाल होतो. पण मी बाबूसिंगला समजावलं की पळसाची गोष्ट वेगळी. पळस हे रानातलं झाड, त्याला कोणी विचारत नाही, ते उघडं झालं काय आणि झाकलं काय. हे झाड इन्स्पेक्टर साहेबांनी दिलेलं, घराणं दालचिनीचं, ते पळसासारखं कसं वागेल? नानाजींनी मान डोलावली. बाबूसिंग ‘बरं’ म्हणून घंटा द्यायला निघून गेला. चपराश्याचं मत ऐकून घेतल्याबद्दल मला थोडा अभिमानही वाटला.

मग कार्ड आलं. साहेब चोवीस फेब्रुवारीला येणार होते, कॅमेरा घेऊन. ‘आपल्या झाडाला पाहण्यास उत्सुक आहे,’ असं खाली लिहिलं होतं. मी ते कार्ड हातात घेऊन खुर्चीत बसलो, तेही कडेला.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर सभा भरली. मी खरं सांगून टाकावं असं रुख्मिणीचं मत पडलं, त्यामुळे ते लगेच बाजूला ठेवण्यात आलं. नानाजींनी पटवारी म्हणून तीस वर्षं काढली होती. ते म्हणाले, “जागेवर झाड पाह्यजे, एवढंच ना? कोणतं झाड, हे कागदावर कुठं हाये?”

कागद तर वरच्या कचेरीत होता. युक्तिवाद बिनतोड वाटला.

रामरावांच्या वावरात विहिरीजवळ लिंबाची बाग होती. त्यांनी कमरेइतकं एक झाड द्यायचं कबूल केलं, अट एवढीच की समारंभात त्यांची खुर्ची साहेबांच्या शेजारी असावी. लिंबाला काटे असतात. ते नानाजींनी आपल्या अडकित्त्यानं एक एक करून कातरले. असा मान त्या अडकित्त्याला पूर्वी मिळाला नसेल. लिंबाच्या पानाला लिंबाचा वास आपोआप येतो, तेव्हा अर्धं काम झालंच होतं. राहिली लवंग. कारंज्याहून लवंगेच्या तेलाची बाटली मागवली आणि मी, आसेगाव शाळेचा हंगामी हेडमास्तर, तेवीस तारखेच्या दुपारी उकिडवा बसून पानापानाला तेल चोळत होतो. रुख्मिणी डबा द्यायला आली, पाहिलं, आणि डबा ठेवून परत गेली.

तेल लावून झाल्यावर कुडातलं जुनं झाड उपटून त्या जागी लिंबाचं लावायला मी बाबूसिंगला सांगितलं. त्यानं भोवती हातभर खणलं आणि मुळाच्या मातीच्या गोळ्यासकट ते पोत्यात घेतलं.

“एवढी मेहनत काहून करतो? ओढून काढ आणि फेक,” मी म्हणालो.

“फेकतोच आहो, गुरुजी,” असं म्हणून तो पोतं उचलून शाळेच्या मागं गेला. हा माणूस कामात फार संथ आहे, अशी नोंद मी मनात केली.

चोवीस तारखेला साहेब आले. हार झाले, स्वागतगीत झालं, रामराव साहेबांच्या शेजारी बसले. साहेब गळ्यात कॅमेरा अडकवून उठले आणि सरळ कुडाशी गेले. मागं मी, माझ्या मागं नानाजी, आणि नानाजींच्या मागं गाव.

साहेब झाडाकडे बराच वेळ पाहत राहिले. एक पान तोडून त्यांनी चुरलं, वास घेतला. मग बोटांचा वास घेतला. मग रुमाल काढून बोटं पुसली, आणि रुमालावर तेलाचा डाग पडला.

“पानं कधी गळली याची?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, हाच तो क्षण. मी छाती पुढे काढली.

“साहेब, एक पान गळू दिलं नाही.”

“एकही नाही?”

“अख्ख्या थंडीत एकही नाही. गाव साक्षीला आहे.”

गावानं मान डोलावली. तेवढ्यात वाऱ्यानं फांदी हलली आणि आतल्या बाजूला, पानांच्या आड, सुपारीएवढं हिरवं लिंबू सर्वांना दिसलं. ते आम्हा तिघांच्याही नजरेतून कसं सुटलं देव जाणे. साहेबांनी लिंबाकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. नानाजींनी परिस्थिती सावरली.

“फळधारणा बी झाली, साहेब,” ते म्हणाले.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “हेडमास्तर, थंडीत याची सगळी पानं गळतात. मग एकही पान येण्याआधी नुसत्या काड्यांवर फुलं येतात, पिवळी. त्याच फुलांचा फोटो घ्यायला मी आलो. चिठ्ठीच्या मागं सगळं लिहिलं होतं. ते वाचलं नाहीत?”

मी ‘ती चिठ्ठी खुलाशासाठी गेली आहे’ एवढंच बोलू शकलो. चार वर्षांची खुर्ची, सासऱ्यांचा लाडू, सगळं त्या हिरव्या लिंबाला लटकलेलं मला दिसत होतं.

तेव्हा मागून बाबूसिंग म्हणाला, “साहेब, थे झाड पाहायचं असन तर रांजणामागं हाये.”

सगळे रांजणामागं गेले. रंगूबाई रोज रांजण विसळून पाणी तिथंच ओतत असे, त्या ओलीत बाबूसिंगनं आदल्या दिवशी झाड रोवलं होतं. त्यावर रंगूबाईचं पोतेरं वाळत टाकलेलं होतं. साहेबांनी स्वतःच्या हातानं ते उचललं. खाली सगळ्या काड्यांना मोहरीच्या दाण्याएवढ्या पिवळ्या कळ्या लागल्या होत्या, आणि शेंड्याकडच्या पाच-सहा उमलल्या होत्या. त्या कळ्या कुडात असतानाच आलेल्या असणार. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उकिडवा बसून लिंबाला तेल चोळत होतो. सुंदर होतं ते झाड. मला फार लाज वाटली, आणि लाजेच्याही आत कुठंतरी, ते जिवंत आहे म्हणून बरं वाटलं.

साहेब गुडघ्यावर बसले. फोटो घेतले. मग विचारलं, “हे इथं कोणी आणलं?”

नानाजी एवढा वेळ गप्प होते हेच आश्चर्य. “गुरुजींनंच हलवलं, साहेब. तिकडं ऊन लागे म्हणून. अन् ते लिंबाचं झाड आपलं जागा रिकामी दिसू नये म्हणून.”

काय सांगू, किती सोयीचं वाक्य होतं ते. साहेबांच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायची इच्छाही दिसत होती. मी बाबूसिंगकडे पाहिलं. तो खाली मातीकडे पाहत होता, आणि मी ‘हो’ म्हणालो असतो तर तो जन्मभर मातीकडेच पाहत राहिला असता, याची मला खात्री होती. शाळेच्या ओट्यावर रुख्मिणी उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती.

“मी मेलं म्हणून उपटायला लावलं, साहेब,” मी म्हणालो. “जिवंत आहे असं हा सांगत होता, मी ऐकलं नाही. जगवलं यानं. नऊ वर्षं हंगामी आहे.”

शेवटचं वाक्य मी का बोललो ते मला ठाऊक नाही. कोणी विचारलं नव्हतं.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं ते मी नंतर वाचलं, या वेळी मागची बाजूसुद्धा उलटून पाहिली. ‘झुडूप उत्तम स्थितीत. श्रेय चपराशी बाबूसिंग यांचे. लिंबाचे झाडही बरे आहे.’ हेडमास्तरविषयी एक अक्षर नव्हतं.

जूनमध्ये हुकूम आला. बाबूसिंग पक्का झाला. शाळेत मी, तीन मास्तर आणि रंगूबाई, सगळे हंगामी; पक्का माणूस एकच, तो घंटा द्यायचा. गावानं त्याला हार घातला, आणि भाषण अर्थातच मला करावं लागलं. मी चांगलं केलं असं रुख्मिणी म्हणाली. तिनं माझ्या भाषणाला चांगलं म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग.

दिवाळीला सासऱ्यांनी लाडू दिला आणि विचारलं. मी म्हणालो, “आमच्या शाळेतला एक जण झाला,” आणि लाडू खाल्ला.

पुढच्या डिसेंबरात झाडाची पानं पुन्हा पिवळी पडली. नानाजी ताक घेऊन आले, त्यांना मी ते प्यायला लावलं. त्याच सुमारास वरच्या कचेरीतून साहेबांची चिठ्ठी परत आली, सोबत शेरा होता, ‘झाडास पाने आहेत किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.’ तेव्हा माझ्या मनानं उचल खाल्ली. चिठ्ठी फिरून येते, तर माझाही कागद कुठंतरी असेलच. मी ठरवलं, साहेबांच्या अकोल्याच्या कचेरीत जायचं, त्यांच्या टेबलापर्यंत जायचं आणि कागदाचं काय झालं ते विचारून यायचं. कोट घातला, पिशवी घेतली आणि मोटारीची वाट पाहत शाळेच्या दारात उभा राहिलो.

बाबूसिंग अंगण झाडत होता. त्यानं गळलेली पानं झाडाच्याच बुडाशी लोटली आणि विचारलं, “कुठं चालले, गुरुजी?”

मी सांगितलं.

“जा, पण कागद बी झोपून राह्यला असन,” तो म्हणाला. “तुमी त्याले उपटून पाहू नका.”

मोटार आली, थांबली आणि गेली. मी कोट काढून खुंटीला अडकवला आणि तिसरीच्या वर्गावर गेलो. तिथं पानगळीचा धडा चालू होता. मी मुलांना ओळीनं बाहेर आणलं, झाडाभोवती उभं केलं आणि बाबूसिंगला म्हणालो, “हा धडा तू सांग.”